लाकडातला आवाज

“शमू वाद्य उघडून बसला की वाद्याकडे नको बघत बसूस, करुणा. त्याच्याकडे बघ.”

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा एक पाय एसटीच्या पायरीवर होता. मागून माणसं ढकलत होती, आणि माझ्या कडेवरची सलोमी त्यांच्या पदराचं टोक सोडायला तयार नव्हती. मी पदर सोडवला, हो हो म्हटलं, पोचल्यावर फोन करा म्हटलं. सलूच्या पहिल्या वाढदिवसासाठी त्या राहुरीजवळच्या आमच्या गावाहून नगरला आल्या होत्या. निघायच्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रावर शमूची, माझ्या नवऱ्याची, बेस गिटार उघडी पडलेली त्यांनी पाहिली, आणि तिथपासून स्टँडवर येईपर्यंत त्या फारसं बोलल्या नव्हत्या.

सासूने सुनेला जाता जाता जे सांगायचं असतं त्यातलंच हे, असं मी धरलं. कामात बुडाला की जेवत नाही, लक्ष ठेव, असं काहीतरी. रिक्षात बसेपर्यंत मी ते विसरलेसुद्धा. माझ्या डोक्यात दुसरंच होतं. त्या सकाळी मला फरशीवर वायरी जोडायच्या सोल्डरचा एक थेंब सापडला होता, मोहरीएवढा, चकचकीत. सलू तेव्हा दिसेल ते तोंडात घालायची. रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला त्या थेंबात शिसं दिसतं, दुसरं काही दिसत नाही.

ती गिटार शमूने आमच्या लग्नाच्या आधी, पुण्यातल्या एका मोडीत निघालेल्या ऑर्केस्ट्रातून आणली होती. चार जाड तारा, पिवळट पडलेला पांढरा रंग, आणि वरच्या बाजूला शिंगासारखा बाहेर आलेला लाकडाचा भाग. दर रविवारी चर्चमध्ये गायकवृंदाच्या मागे उभा राहून तो ती वाजवायचा. बेस कुणी मुद्दाम ऐकत नाही, पण थांबला की सगळ्यांना चुकल्यासारखं होतं, असं तो म्हणायचा. शमू स्वतः तसाच होता. आधी तरी तसाच होता.

सलू झाली त्या वर्षापासून त्याला गिटारमध्ये दोष दिसायला लागला. आवाज येत नाही म्हणे. भरीव येत नाही, पोकळ येतो. आधी त्याने तारा बदलल्या. मग तारांखालचं पिकअप बदललं. तारेची थरथर पकडून तिची वीज करणारी ती चुंबकाची पट्टी असते, एवढं मलाही तोपर्यंत पाठ झालं होतं. मग आतल्या वायरी नव्याने जोडल्या. घरघर येऊ नये म्हणून माझ्या स्वयंपाकघरातला पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद नेऊन त्याने गिटारच्या पोटाला आतून अस्तर लावलं. शेवटी आवाज वाढवणारी एक छोटी पट्टी बसवायची म्हणून पटाशी घेऊन मागच्या बाजूला बॅटरीपुरती खाच कोरली. इतकी वर्षं जीव लावलेलं लाकूड तो कोरत होता आणि मी सलूला उचलून घेऊन भुशाकडे बघत होते.

“आवाज आहे गं,” तो म्हणायचा. “लाकडात आहे. बाहेर येत नाही.”

हे पटवायला तो हनुवटी गिटारच्या वरच्या शिंगावर टेकवायचा आणि तार छेडायचा. डोळे मिटायचा. चेहऱ्यावर असं समाधान यायचं की मला क्षणभर हेवा वाटायचा. एकदा त्याने मलाही तसं करायला लावलं. मी हनुवटी टेकवली. दातांतून, कपाळातून, डोक्याच्या मागच्या भागापर्यंत तो स्वर भरून राहिला. बघ, तो म्हणाला. मी म्हटलं, खरंच की. हनुवटी लावली की कुणालाही तसंच ऐकू येतं, हे तेव्हा ना त्याच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

पण स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाबद्दल आमचं जमायचं नाही. तो पोकळ म्हणायचा, आणि माझ्या मांडणीवरचे पेले वाजायचे. चर्चमध्येही तीच तक्रार सुरू झाली. गायकवृंदाचे पाटोळे सर फार सौम्य माणूस. त्यांनी आधी हसत सांगितलं की शमुवेल, खिडक्यांच्या काचा आपल्या नाहीत, चर्चच्या आहेत. मग एका रविवारी हसले नाहीत. ईस्टरच्या गाण्यांच्या सरावातून त्यांनी त्याला थोडे दिवस थांबायला सांगितलं. तोवर गिटार नीट करून आण, म्हणाले. त्यांनाही दोष गिटारचाच वाटला.

एवढंच असतं तर मी काळजी केली नसती. पण मला जूनपासून ज्युनिअर कॉलेजमध्ये शिकवायची जागा मिळाली होती. कॉलेज सकाळचं. शमू नागापूरच्या एमआयडीसीत पत्र्याच्या प्रेसवर काम करायचा. त्याने कायमची दुसरी पाळी मागून घेतली, म्हणजे मी येईपर्यंत सलू त्याच्याजवळ राहणार आणि मग तो कामाला जाणार. कागदावर सगळं जुळत होतं. जूनपर्यंत मी तालमी घ्यायच्या, म्हणजे रोज सकाळी थोडा वेळ तिला त्याच्यावर सोपवून कुठेतरी जायचं, असं मी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण मी परीक्षा घेत होते. सलू त्याच्याजवळ राहू शकते की नाही, एवढा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला रोज जरा जास्त नको तसं मिळत होतं.

मी परत यायची तेव्हा ती ओली असायची, किंवा रडून रडून हुंदके देत दाराशी बसलेली असायची, आणि तो पाठमोरा, गिटारवर वाकलेला. मी ओरडले की दचकून बघायचा. “झोपली होती की,” म्हणायचा. तेही इतक्या हळू की मला पुढे होऊन ऐकावं लागायचं. त्याचा आवाज हल्ली उतरला होता. घरात तो जवळजवळ पुटपुटायचा, आणि वर मलाच म्हणायचा, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. कामावर, मशिनच्या एवढ्या दणदणाटात, मला सगळ्यांचं कळतं. घरी आलो की तुमचं कुणाचं कळत नाही.

हे मला फार लागलं. घरातच कळत नाही याचा मी एकच अर्थ काढला. त्याचं घरात मन नाही. मूल झाल्यावर काही पुरुष असे आत जातात आणि दार लावून घेतात असं मैत्रिणी सांगायच्या, तसं झालं असेल. गिटार हे त्याचं दार. माझं माहेर जालन्याचं. सलूला घेऊन तिथेच जावं, तिथे एखादी नोकरी बघावी, असं मी भांडी घासताना मनात बोलून बघत होते. एकदा बोललं की ते रोज थोडं खरं वाटायला लागतं.

ती सकाळ ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातली. ऊन कडक होतं. आदल्या दिवशी घातलेल्या, अर्ध्या वाळलेल्या कुरडया मला गच्चीवर पसरायच्या होत्या. सलू आतल्या खोलीत झोपली होती. शमू बाहेरच्या खोलीत खाली बसलेला, मांडीवर गिटार, हनुवटी शिंगावर. बाजूला स्पीकर, आणि पालथ्या घातलेल्या स्टीलच्या झाकणावर तापत ठेवलेली सोल्डरची सळई. मी परात घेऊन दारातून म्हटलं, गच्चीवर जाते, सलू उठेल, लक्ष ठेव. त्याने मान हलवली. तो मान हलवतोय ते माझ्यासाठी की तालासाठी, हे मी बघितलं नाही.

गच्चीवर शेजारच्या गुंजाळ काकू होत्या. त्यांच्या पापडांच्या शेजारी मी कुरडया पसरल्या, दोन शब्द बोलले, आणि जिना उतरताना सलूचं रडणं ऐकलं. नुकतं सुरू झालेलं रडणं वेगळं असतं. हे मधलं होतं, घसा बसत आलेलं. दाराशी आले तर वाऱ्याने दार लोटलं जाऊन लॅच लागलेलं. किल्ली आत.

मी बेल वाजवली. बेल मला बाहेर ऐकू येत होती. सलू ऐकू येत होती. आणि त्या दोन्हींच्या खालून बेसचा एकच स्वर, पुन्हा पुन्हा, शांतपणे. मी दार बडवलं. स्वर चालूच.

आमच्या दाराला लागून व्हरांड्यात उघडणारी एक जाळीची खिडकी होती. तिच्यातून मी आत बघितलं. शमू माझ्याकडे पाठ करून, डोळे मिटून, हनुवटी लाकडावर टेकून बसला होता. आणि त्याच्या मागून सलू रांगत येत होती. रडत, नाक गळत, बापाकडे. एकदा थांबून तिने त्याच्या पाठीकडे बघून मोठ्याने भोकाड पसरलं. त्याच्या पाठीचा स्नायूसुद्धा हलला नाही. मग तिला ती सळईची काळी वायर दिसली.

मी किती ओरडले मला माहीत नाही. गुंजाळ काकू गच्चीवरून धावत आल्या, त्याही ओरडल्या. काकूंचा आवाज समोरच्या इमारतीत जातो. सलूने वायर धरली आणि ओढली. झाकण फरशीवर सरकलं.

कसं सुचलं ते सांगता येणार नाही. मीटरची पेटी जिन्याच्या वळणावर होती. मी धावत गेले आणि आमच्या घराचा मेन स्विच खाली ओढला.

आतला स्वर बंद झाला, आणि स्पीकरमुळे होणारी फरशीची थरथरही. मी परत खिडकीशी आले तेव्हा शमूने मान वर केली होती. तो स्पीकरकडे बघत होता. बटण फिरवून बघितलं. मग प्लग तपासायला मागे वळला, आणि त्याला सलू दिसली. वीज गेली म्हणून सळई लगेच गार होत नाही. तिने पंजा तिच्यावर टेकवला होता.

त्याने तिला उचललं, मोरीकडे धावला. नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला. मी दार बडवतच होते, हाताचा तळवा सुजेपर्यंत. मग दार उघडलं. ओली सलू छातीशी धरून, पायात चपला अडकवून तो बाहेर पडत होता, मला शोधायला, डॉक्टरकडे जायला. मी समोर उभी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या त्या हळू आवाजात विचारलं,

“तू कधी आलीस?”

गुंजाळ काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी त्याच्या अंगावर जाईन. मी गेले नाही. मी सलूला त्याच्या हातातून घेतलं.

डॉक्टरांनी मलम लावलं, पट्टी बांधली. फोड लहान आहे, भरेल म्हणाले. घरी येऊन मी सलूचे कपडे बॅगेत भरायला लागले. तो दारात उभा राहून बघत होता. मला खरंच ऐकू आलं नाही, म्हणाला. चार हातांवरून, मी म्हटलं. चार हातांवरून तुझं मूल रडतंय आणि तुला ऐकू येत नाही. माझं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं होतं की नाही, तेही मला आज सांगता येत नाही, कारण मी बॅगेकडे बघून बोलत होते.

जालन्याला जायच्या आधी सासूबाईंना सांगावं म्हणून मी फोन केला. सगळं सांगितलं. त्या मधे एकदाच बोलल्या. तो वाजवताना कसा बसला होता, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हनुवटी टेकवून. मग म्हणाल्या, मी येते. मी आल्याशिवाय निघू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्या दारात होत्या. पिशवी खाली ठेवली, सलूचा पट्टी बांधलेला हात डोळ्यांना लावला, पाणीसुद्धा मागितलं नाही. शमू बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून गिटार सुटी करत होता. काय करतोयस मी विचारलं नव्हतं. चंदेरी कागदाचं अस्तर तो नखांनी खरवडून काढत होता, तुकडा तुकडा, आणि एका डबीत ठेवत होता, सलूला सापडू नये म्हणून. आई आल्याचं त्याला कळलं नव्हतं. पाठ दाराकडे होती.

मी त्याला हाक मारणार होते. सासूबाईंनी हातानेच मला थांबवलं. त्या चपला काढून त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, हात लावता येईल एवढ्या जवळ, आणि नेहमीच्या आवाजात, ना मोठ्याने ना हळू, म्हणाल्या,

“शमू, तुझा बाप बहिरा होता.”

शमूने कागदाचा एक तुकडा सोडवला आणि डबीत टाकला.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. पंखा फिरत होता. मला एकदम सगळं मागून पुढे दिसायला लागलं. ओली सलू, दचकणं, तोंडातल्या तोंडात बोलतेस, काचा, पेले, हनुवटी. मी बॅग भरत होते ती कुणाला सोडून जायला, तेही दिसलं.

मग त्या वळसा घालून त्याच्या समोर गेल्या, गुडघे धरत खाली बसल्या, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला आणि तेच पुन्हा सांगितलं. सावकाश, ओठ नीट हलवत. त्या अशा बोलू शकतात हे मी पहिल्यांदा बघितलं. वीस वर्षांची सवय होती ती, आणि सासरे गेल्यापासून वापरली नव्हती.

माझे सासरे मी पाहिले नाहीत. शमू शाळकरी असतानाच ते गेले. गावात त्यांना सगळे यशवंत मास्तर म्हणत. शाळेत शिकवायचे आणि चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे. शमूच्या तोंडून मी त्यांची एकच गोष्ट ऐकलेली, पण अनेकदा. बाबा वाजवता वाजवता कपाळ पेटीवर टेकवायचे. पूर्ण गीत संपेपर्यंत वर बघायचे नाहीत. एवढी भक्ती. पाळकसाहेब उपदेशात त्यांचा दाखला द्यायचे, आया पोरांना सांगायच्या, मास्तरांकडे बघा, प्रार्थना अशी करतात. लग्न ठरल्यावर त्याने मला चर्चमध्ये नेऊन ती पेटी दाखवली होती. पुढच्या फळीवर एक जागा गुळगुळीत झाली होती. त्याने माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं होतं.

“माथा टेकवला की ऐकू यायचं त्यांना,” सासूबाई म्हणाल्या. “नाहीतर नाही. आधी म्हणायचे पेटीच मुकी झाली. रोज दुपारी खोलायचे, एकेक सुराची पितळी पट्टी काढून घासायचे. मी बघत बसायचे. मलाही पेटीच बिघडली वाटायची. समजलं तेव्हा उशीर झाला होता. मग म्हणाले, कुणाला बोलू नकोस, बहिऱ्याला पेटीवर कोण बसू देईल. नाही बोलले.”

शमू त्यांच्या ओठांकडे बघत होता. त्याने विचारलं,

“म्हणजे ती प्रार्थना नव्हती?”

“मला काय माहीत,” त्या म्हणाल्या. “तीही असेल. ऐकू येत नाही तो प्रार्थना करत नाही, असं थोडंच आहे?”

तो हसायला गेला आणि ते हसणं मधेच मोडलं. सलू रांगत आली आणि पट्टी बांधलेला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवून उभी राहिली. मी आत जाऊन बॅग रिकामी केली. कुणी मला सांगितलं नाही, मी कुणाला दाखवली नाही.

कानाच्या डॉक्टर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी ड्रॉवरमधून चिमट्यासारखा लोखंडी काटा काढला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि शमूच्या कानासमोर धरला. येतोय? नाही, तो म्हणाला. मग त्यांनी त्याच काट्याचा दांडा त्याच्या कानामागच्या हाडावर टेकवला. शमूचे डोळे मोठे झाले. त्याने माझ्याकडे बघितलं. हनुवटी लाकडावर टेकवल्यावर चेहऱ्यावर यायचं तेच आलं होतं, पण या वेळी त्यात समाधान नव्हतं. या वेळी त्याला कळलं होतं.

“लाकडात आहे,” तो म्हणाला. “बाहेर येत नाही.”

“बाहेर येतोय,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्यापर्यंत पोचत नाही.”

कानात तीन चिमुकली हाडं असतात, त्यांतलं शेवटचं हळूहळू घट्ट बसतं आणि आवाज पुढे द्यायचं सोडतं, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. बऱ्याचदा घराण्यात असतं. ऐन तरुणपणात सुरू होतं. अशा माणसाला स्वतःचा आवाज आतून मोठा ऐकू येतो म्हणून तो हळू बोलतो. बहिरा माणूस ओरडतो अशी सगळ्यांची समजूत, म्हणून कुणाला शंका येत नाही. आणि गोंगाटात समोरचे मोठ्याने बोलतात, त्यामुळे तिथे त्याला बरं ऐकू येतं. मी खाली बघत होते. घरी कळत नाही, कामावर कळतं. डॉक्टर म्हणाल्या, यंत्र लावता येईल, ऑपरेशनही होतं, वेळेवर आलात. सासूबाईंनी ‘वेळेवर’ हा शब्द ऐकला आणि पदर तोंडाला लावून त्या बाहेर जाऊन बसल्या.

ईस्टरला आम्ही गावी गेलो. शमूने बरोबर काही नेलं नव्हतं. उपासनेला चर्च भरलेलं, पायपेटीवर आता गावातलीच एक शिक्षिका बसायची. पहिलं गीत सुरू झालं. शमू बाकावरून उठला, सगळ्यांच्या देखत चालत पुढे गेला, पेटीच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि बाजूच्या फळीवर त्याने कपाळ टेकवलं. शिक्षिका बिचारी जरा बावचळली, पण वाजवत राहिली. गीताची सगळी कडवी संपेपर्यंत त्याने कपाळ उचललं नाही. त्याची पाठ हलत होती.

आमच्या मागच्या बाकावर कुजबूज झाली. एक म्हातारं माणूस डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणालं की बघा, अगदी मास्तरांसारखा, बापाची भक्ती उतरली पोरात.

सासूबाई मागे वळल्या. गीत संपलं होतं, चर्च शांत होतं, आणि त्यांनी आवाज अजिबात खाली घेतला नाही.

“भक्ती असेल नसेल, देवाला माहीत. पण तो ऐकतोय, दादा. त्याला कानाने ऐकू येत नाही. मास्तरांनाही येत नव्हतं. मी लपवून ठेवलं.”

पाळकसाहेब हातात पुस्तक धरून थांबले. मग पलीकडच्या रांगेतली एक बाई हळूच आपल्या नवऱ्याकडे वळून बघायला लागली. तो समोर बघत होता. ती त्याच्या कानाकडे बघत राहिली.

त्याला आता खूप वर्षं झाली. शमूच्या एका कानाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यात यंत्र आहे. यंत्र त्या जूनच्या आधीच बसलं. जूनमध्ये मी कॉलेजला रुजू झाले आणि सलू सकाळी बापाजवळच राहिली. सळई नेहमी उंच फळीवर असायची. गिटारमध्ये त्याने जुनंच पिकअप परत बसवलं, पाटोळे सरांनी ऐकून मान डोलावली, आणि चर्चच्या काचा आता वाजत नाहीत. मागची खाच मात्र भरता आली नाही. सलू त्यात लहानपणी खडू लपवायची, आता ती स्वतः वाजवते तेव्हा गाण्यांच्या कागदांच्या टाचण्या ठेवते. तिच्या तळहातावर एक छोटा पांढरा डाग आहे. ती मोठी होतेय, म्हणून मी अधूनमधून तिच्या मागे जाऊन हळूच तिचं नाव घेते. ती वैतागून म्हणते, येतंय गं मम्मी ऐकू. मला तेवढंच ऐकायचं असतं.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल. हल्ली हळू बोलणारं, तुमचं बोलणं कळत नाही म्हणणारं, रेडिओ बिघडला, फोन बिघडला म्हणून सारखं काहीतरी खोलून बसणारं. त्याचं मन उडालं असं तुम्ही धरून चालला असाल. हे वाचून झालं की उठा. त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहा, आणि नेहमीच्या आवाजात एकदा त्याला नावाने हाक मारून बघा.